रशियन लोककथेतील अस्वल नेमके कशाचे प्रतीक आहे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण शाळेतील मुलांसाठी चार रशियन लोककथांचे मराठी नाट्यरूपांतर करीत आहात आणि त्या चारही कथांत अस्वल आहे. एका कथेत ते शेतकऱ्याकडून फसते, दुसरीत म्हातारा-म्हातारीला खाऊन टाकते, तिसरीत एका मुलीला घोडे आणि गाडीभर धन देते, तर चौथीत एका मुलीला घरात ठेवून घेते. मग रशियन माणसाच्या दृष्टीने अस्वल कशाचे प्रतीक आहे आणि रंगमंचावर त्याला कोणते एक रूप द्यावे, असे आपण विचारले आहे. एका परिचितांनी आपल्याला अस्वल म्हणजे वेलेस हा प्राचीन देव असे सांगितले, तर दुसऱ्यांनी ते रशियाच्या बळाचे चिन्ह आहे असे सांगितले. लहान मुलांसाठी दुसऱ्या कथेचा शेवट बदलावा का, हेही आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

मी गेली सव्वीस वर्षे रशियन भाषा शिकवतो आणि त्यांतील बराचसा काळ लोककथांच्या भाषांतरात आणि कथाकथनात गेला आहे. त्या अनुभवावरून मला वाटते की आपली अडचण प्रतीकाचा अर्थ न सापडल्यामुळे आलेली नाही. एका प्राण्याला एकच अर्थ असला पाहिजे, या अपेक्षेमुळे ती आली आहे. सिंह म्हणजे शौर्य, कोल्हा म्हणजे कपट, असे कोष्टक आपल्याला बोधकथांमुळे सवयीचे झाले आहे, परंतु रशियन लोककथेतील अस्वल त्या कोष्टकात बसत नाही. ते माणसाच्या इतके जवळ आहे की त्याच्याशी बोलणी होतात, वाटणी होते, सोयरीक होते आणि शब्द मोडला तर वैरही होते. म्हणून कोणतीही अस्वलकथा हाती आली की मी आधी एवढेच पाहतो की माणसाचा आणि अस्वलाचा कोणता व्यवहार ठरला होता आणि तो कोणी मोडला. त्या कथेपुरता अस्वलाचा अर्थ बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

हे सांगताना एक गोष्ट मान्य केली पाहिजे की उत्तर पुष्कळसे कथेच्या प्रकारावर आणि पाठभेदावर अवलंबून असते. अलेक्सान्द्र अफानास्येव यांनी १८५५ ते १८६३ या काळात आठ भागांत छापलेल्या रशियन लोककथांच्या संग्रहात एकाच कथेची दोन-दोन, तीन-तीन रूपे शेजारीशेजारी दिली आहेत, आणि नंतर मुलांसाठी झालेल्या पुनर्कथनांत तर कथेचा तोलच कधीकधी बदललेला आहे. आपल्या हाती कोणता पाठ आहे, हे ठरल्याशिवाय अर्थाची चर्चा पुढे जात नाही.

सुरुवात नावापासून करतो, कारण नावातच अर्धी गोष्ट आहे. रशियन भाषेत अस्वलाला ‘मेदवेद’ म्हणतात आणि या शब्दाचा मूळ अर्थ ‘मध खाणारा’ असा आहे. संस्कृत जाणणाऱ्याला यातील दोन्ही घटक लगेच ओळखू येतील: मधू आणि अद्, म्हणजे खाणे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील १६४ व्या सूक्तात वृक्षावर बसलेल्या पक्ष्यांना ‘मध्वदः’ म्हटले आहे; शब्दाची घडण तीच. अस्वलाचा मूळ इंडो-युरोपीय शब्द मात्र वेगळा होता. संस्कृतात त्याचा ‘ऋक्ष’ झाला, ग्रीकमध्ये ‘आर्क्तोस’ आणि लॅटिनमध्ये ‘उर्सुस’. जुन्या मराठीतील ‘रीस’ हा शब्दही त्याच ‘ऋक्ष’चा वंशज आहे. स्लाव्ह लोकांनी, म्हणजे रशियन आणि त्यांच्या भाषाभगिनी बोलणाऱ्यांच्या पूर्वजांनी, तो शब्द टाकून दिला, कारण ज्याचे नाव घ्यावे तो समोर येतो अशी धास्ती होती, आणि त्याच्या जागी त्याच्या सवयीवरून पाडलेले नाव वापरले. रात्रीच्या वेळी सापाला ‘जनावर’ किंवा ‘लांबडं’ म्हणणाऱ्या आपल्या आजी-आजोबांना याचे मुळीच नवल वाटले नसते.

पुढे ‘मेदवेद’ हेच नेहमीचे नाव होऊन बसले, तेव्हा उत्तरेकडील शिकाऱ्यांनी तेही टाळायला सुरुवात केली आणि ते नुसते ‘तो’ किंवा ‘मालक’ म्हणू लागले. लोककथेने याहून वेगळी वाट काढली. तिने अस्वलाला माणसाचे नाव दिले: मिखाइल पोतापिच, मिखाइलो इवानोविच, लाडाने मिश्का. रशियनमध्ये नावापुढे वडिलांचे नाव जोडून हाक मारणे ही आदराची रीत आहे, त्यामुळे ‘मिखाइलो इवानोविच’ ही हाक ऐकणाऱ्याच्या मनात एखाद्या वजनदार गावकऱ्याचे चित्र उभे करते. मराठीत आणताना मी ‘अस्वलराव’ असे करून पाहिले, पण त्यात थट्टेचा सूर फार चढतो, म्हणून आता मी मूळ नावच ठेवतो आणि बाकीच्या पात्रांना त्याच्याशी अहो-जाहो करू देतो.

माणसाशी असलेली ही जवळीक नावापुरती नाही. अस्वल मागच्या दोन पायांवर उभे राहते आणि त्याच्या मागच्या पावलाचा ठसा टाचेसह माणसाच्या अनवाणी पावलासारखा उमटतो. कातडे सोललेल्या अस्वलाचे शरीर माणसासारखे दिसते, असे शिकारी सांगत. पूर्व स्लाव्ह गावांत अशी दंतकथा होती की अस्वल हा पूर्वी माणूसच होता; त्याने मेंढीच्या कातड्याचा कोट उलटा घातला, पुलाखाली दबा धरला आणि भटक्याच्या वेषात चाललेल्या देवाला घाबरवले, म्हणून देवाने त्याला कायमचे केसाळ करून टाकले. एकदा ही दंतकथा माहीत झाली की कथेतील अस्वलाचे बोलणे, वाटणी मागणे आणि रुसणे यांत काही विचित्र वाटत नाही.

आता आपल्या चार कथांकडे येतो आणि त्यांतील सर्वांत भीषण कथेपाशी थोडा अधिक वेळ थांबतो, कारण माझ्या मते अस्वलाचे खरे स्वरूप तिथे सर्वांत स्पष्ट दिसते. ही लिंडन नावाच्या झाडाच्या लाकडाचा पाय लावलेल्या अस्वलाची कथा. अफानास्येव यांच्या पाठात ती जेमतेम पानभर आहे. म्हातारीने सांगितले म्हणून म्हातारा लाकडे आणायला जंगलात जातो. वाटेत अस्वल भेटते आणि म्हणते, “म्हाताऱ्या, चल, कुस्ती खेळू.” म्हातारा कुऱ्हाड उचलतो, अस्वलाचा पंजा तोडतो आणि घरी आणून म्हातारीला देतो. म्हातारी कातडे सोलून त्यावर बसते, केस उपटू लागते आणि पंजा भट्टीत शिजत ठेवते. अस्वल रडते, ओरडते, मग विचार करून लिंडनच्या लाकडाचा पाय बनवते आणि त्या पायाने चालत गावात येते. ते येताना गाणे म्हणते आणि त्या गाण्याचा आशय असा आहे: गावे झोपली, वाड्या झोपल्या, एकटी म्हातारी जागी आहे, माझ्या कातड्यावर बसली आहे, माझी लोकर कातते आहे, माझे मांस शिजवते आहे. म्हातारा लाकडी काठवटीखाली लपतो, म्हातारी भट्टीच्या वरच्या रुंद ओट्यावर काळ्या कपड्यांखाली लपते, परंतु एक कण्हतो, दुसरी खोकते आणि अस्वल दोघांना शोधून खाते.

अनेक वर्षांपूर्वी मी भाषेच्या अभ्यासासाठी रशियातील यारोस्लाव्ल शहरात एका वृद्ध बाईंच्या घरी दीड महिना राहत होतो. एका संध्याकाळी त्या विणत बसल्या होत्या आणि मी ही कथा विचारली. त्यांनी कथा सांगितलीच नाही, थेट गाण्यापासून सुरुवात केली: “स्किर्ली, स्किर्ली, स्किर्ली.” हा लाकडी पायाच्या करकरण्याचा आवाज. प्रत्येक ‘स्किर्ली’बरोबर त्या विणायची सुई टेबलाच्या कडेवर हलकेच टेकवीत होत्या. “एकटी म्हातारी जागी आहे” या ओळीवर त्यांचे हात थांबले आणि त्यांनी मांडीवरच्या लोकरीकडे पाहिले. मला तोपर्यंत ही सूडकथा वाटत होती. त्या क्षणी लक्षात आले की गाण्यातील एकही शब्द धमकीचा नाही. अस्वल फक्त मोजदाद करते आहे: माझे कातडे, माझी लोकर, माझे मांस.

याच कथेचे मुलांसाठी केलेले दुसरे रूप फार प्रसिद्ध आहे. त्यात म्हातारा-म्हातारीने सलगम पेरलेले असते, अस्वल ते चोरू लागते, म्हणून म्हातारा त्याचा पंजा तोडतो. शेवटी अस्वल तळघरात पडते आणि लोक जमून त्याला मारतात. घटना जवळजवळ त्याच आहेत, पण न्यायाचा काटा पूर्ण फिरला आहे. पहिल्या पाठात अस्वलाने हातघाईची, बरोबरीची कुस्ती मागितली होती आणि माणसाने कुऱ्हाड काढली. दुसऱ्या पाठात अस्वल चोर आहे. म्हणून “या कथेत अस्वल कशाचे प्रतीक आहे” या प्रश्नाला मी पाठ विचारल्याशिवाय उत्तर देत नाही.

लिंडनचे लाकूडही सहज आलेले नाही. रशियन शेतकरी लिंडनच्या सालीच्या आतल्या पट्ट्यांपासून ‘लाप्ती’ नावाची पादत्राणे विणत असे आणि तिच्याच मऊ लाकडाचे चमचे, वाडगे करीत असे. मधमाश्यांना ज्या फुलांचा मध सर्वांत जास्त मिळतो, त्यांत लिंडन येते. काही पाठांत अस्वलाच्या हाती बर्चची काठीही असते. म्हणजे पंजा गमावल्यावर अस्वल गावात येते, ते शेतकऱ्याच्याच सामानाने सजून येते. दारात उभा राहिलेला तो लंगडा रानटी प्राणी बराचसा म्हाताऱ्यासारखाच दिसतो, आणि माझ्या मते कथेची खरी भीती तिथे आहे.

फसलेल्या अस्वलाची कथा म्हणजे ‘शेंडे आणि मुळे’. शेतकरी जंगलात सलगम पेरत असतो. अस्वल येऊन म्हणते, “तुला मोडून टाकतो.” शेतकरी विनवतो, “मोडू नकोस, आपण मिळून पेरू. मुळे मी घेईन, शेंडे तुला देईन.” अस्वल मान्य करते, पण एक अट घालते: फसवलेस तर माझ्या जंगलात लाकडे तोडायला येऊ नकोस. सलगम निघतो, अस्वलाला पाला मिळतो. पुढच्या खेपेला अस्वल मुळे मागते, तेव्हा शेतकरी राय हे धान्य पेरतो. तेव्हापासून अस्वलाचे आणि माणसाचे वैर सुरू झाले, असे सांगून कथा संपते.

बहुतेक संपादक या कथेवर ‘मूर्ख अस्वल’ अशी चिठ्ठी लावून मोकळे होतात. मला ती अपुरी वाटते. उत्तर रशियात जंगल जाळून, खुंट काढून शेत तयार करण्याची पद्धत शतकानुशतके होती; अशा शेतावर पहिला हक्क कोणाचा, हा प्रश्न ऐकणाऱ्यांना नवा नव्हता. अस्वल जमिनीचा धनी आहे आणि शेतकरी वाटेकरी आहे. १८६१ पर्यंत भूदासत्वात राहिलेले लोक ही कथा सांगत आणि ऐकत होते. आपल्या अर्धेलीच्या शेतात जसा धन्याचा वाटा आधी मोजला जातो, तसे त्यांच्या पिकाचे मोजमाप दुसऱ्याच्या हाती होते. त्या श्रोत्याला धन्याच्या पदरी पाला पडलेला ऐकून हसू येणारच. म्हणून या कथेत अस्वल कधी जमीनदार आहे, कधी जंगल आहे, आणि दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे आहेत. फक्त त्या अटीकडे दुर्लक्ष करू नका. शेतकरी जिंकतो, पण थंडीच्या प्रदेशात ज्याला लाकूडतोडीला जंगल बंद झाले, त्याने काय कमावले हा प्रश्न कथा श्रोत्यावर सोडते. नाटकात अस्वलाचे ते वाक्य गाळले, तर कथेतील निम्मे शहाणपण निघून जाईल.

माशा आणि अस्वल ही कथा आपल्याकडे अलीकडच्या अॅनिमेशन मालिकेमुळे नावाने घराघरांत पोहोचली आहे, पण त्या मालिकेत लोककथेतील नावे आणि जंगल यांपलीकडे फारसे काही उरलेले नाही. लोककथेत माशा मैत्रिणींबरोबर जंगलात जाते, वाट चुकते आणि अस्वलाच्या घरात शिरते. अस्वल म्हणते, आता तुला सोडणार नाही. तू इथेच राहा, भट्टी पेटव, लापशी शिजव आणि मला भरव. ही वाक्ये नीट ऐकली तर हे कैदेचे वर्णन कमी आणि संसाराचे जास्त आहे. माशा पुढे आजी-आजोबांसाठी खाऊची पेटी पाठवण्याच्या निमित्ताने स्वतःच त्या पेटीत बसते, आणि अस्वल वाटेत खुंटावर टेकले की आतून सांगते, “बघते आहे मी, खुंटावर बसू नकोस, खाऊ खाऊ नकोस.” अशा रीतीने तिला पळवणारा स्वतःच तिला पाठीवर घेऊन माहेरी पोहोचवतो.

मुलांच्या पाठात जी गोष्ट झाकलेली आहे, ती दुसऱ्या एका कथेत उघड आहे. अळंबी वेचायला गेलेली शेतकऱ्याची बायको वाट चुकून अस्वलाच्या गुहेत येते, त्याच्याबरोबर राहते आणि तिला मुलगा होतो: कमरेपर्यंत माणूस, कमरेखाली अस्वल. या इवान्को मेदवेद्कोचे बळ इतके असते की गावातील मुलांशी खेळताना तो कोणाचा हात, कोणाचे डोके उपटतो आणि शेवटी गाव त्याला नको म्हणते. लग्नविधींत आणि शकुनांतही अस्वलाचे हेच नाते येते. वधूवरांना केसाळ कातड्यावर बसवणे हे भरभराटीचे लक्षण मानले जाई आणि मुलीच्या स्वप्नात अस्वल आले तर लग्न जवळ आले असे समजत. रशियन कवी पुश्किन यांना हे उत्तम ठाऊक होते. त्यांच्या ‘येव्गेनी ओनेगिन’ या पद्यकादंबरीच्या पाचव्या प्रकरणात नायिका तात्याना स्वप्नात बर्फातून चालते, ओढ्यावर अस्वल तिला पंजा देते, मग पाठलाग करून तिला उचलते आणि एका झोपडीपाशी ठेवून म्हणते की इथे माझा ‘कूम’ राहतो, थोडी ऊब घे. कूम म्हणजे मुलाच्या बाप्तिस्म्यामुळे जोडलेला नातेवाईक. झोपडीत बसलेला असतो ओनेगिन, ज्याच्यावर तिचे मन जडले आहे तो. भयाने आणि ओढीने भरलेले ते संपूर्ण स्वप्न या लोकसमजुतीवर उभे आहे.

धन देणारे अस्वल सावत्र मुलीच्या कथेत येते. सावत्र आईच्या सांगण्यावरून बाप मुलीला जंगलातील झोपडीत सोडतो. मुलगी लापशी शिजवते, एक उंदीर येऊन चमचाभर मागतो, ती त्याला पोटभर देते. मध्यरात्री अस्वल येते, तिच्या हाती घंटा देते आणि स्वतःचे डोळे बांधून आंधळी कोशिंबीर खेळायला लावते. उंदीर मुलीला भट्टीखाली लपायला सांगतो आणि घंटा घेऊन स्वतःच पळत सुटतो. अस्वल दमते, हरते आणि घोड्यांचा कळप व गाडीभर धन कबूल करते. नंतर सावत्र आईची सख्खी मुलगी जाते, उंदराला हाकलते, आणि परत येतात ती तिची हाडे. लोककथांचे रशियन अभ्यासक व्लादिमीर प्रॉप यांनी १९४६ च्या त्यांच्या ग्रंथात जंगलातील झोपडीचा संबंध वयात येणाऱ्यांच्या दीक्षाविधींशी जोडला. त्यांची मांडणी सर्वांना मान्य नाही, मीही ती प्रत्येक कथेला लावत नाही, पण या कथेत ती उपयोगी पडते: अंधार, एकटेपणा, डोळे बांधलेला जंगलाचा धनी आणि परतताना मुलीची बदललेली पत. इथे अस्वल दुष्टही नाही आणि दयाळूही नाही, ते परीक्षक आहे. दोन्ही मुलींसाठी त्याचा खेळ अगदी तोच असतो.

‘तेरेमोक’सारख्या कथेत, जिथे उंदीर, बेडूक, ससा वगैरे एका इवल्या घरात राहतात आणि शेवटी अस्वल येऊन ते चिरडते, तिथे अस्वल हे निव्वळ वजन आहे. त्यात अधिक काही शोधू नये.

थोडक्यात, आतापर्यंतचा हिशेब असा: लाकडी पायाच्या कथेत ते अपमानित प्रतिस्पर्धी किंवा चोर आहे, शेंड्या-मुळांच्या कथेत धनी, माशाच्या कथेत नको असलेला नवरा आणि सावत्र मुलीच्या कथेत परीक्षक. चारही ठिकाणी ते जंगलाच्या बाजूने बोलणारे, माणसाशी व्यवहार करू शकणारे पात्र आहे, आणि इतकेच सूत्र मी छातीठोकपणे सांगू शकतो.

आता आपल्या परिचितांच्या दोन मतांविषयी. वेलेस किंवा वोलोस हा देव खरोखर होता. जुन्या रशियन इतिवृत्तात ९०७ आणि ९७१ सालच्या तहांच्या संदर्भात त्याचे नाव ‘गुराढोरांचा देव’ म्हणून येते. परंतु तो अस्वलाच्या रूपात होता असे त्या काळातील कोणताही मजकूर सांगत नाही. ती विसाव्या शतकातील काही अभ्यासकांची जुळवाजुळव आहे, आणि तिच्यामागे आधार अगदीच नाहीत असे नाही. मॉस्कोच्या परिसरात गोठ्यात अस्वलाचा पंजा टांगण्याची रीत होती आणि त्याला ‘गुरांचा देव’च म्हणत. यारोस्लाव्लजवळील तिमेर्योवो येथील दफनटेकड्यांत मातीचे पंजे सापडले आहेत, पण ते अस्वलाचे की नदीकाठी राहणाऱ्या बीव्हर या प्राण्याचे यावर वाद आहे. यारोस्लाव्लच्या मानचिन्हावर खांद्याशी परशू धरलेले अस्वल आहे आणि राजपुत्र यारोस्लाव्हने तिथे परशूने अस्वल मारून नगर वसवले अशी कथा सांगतात, परंतु ती कथा बऱ्याच उशिराच्या लिखाणातून आपल्यापर्यंत आली आहे. एवढ्या धाग्यांवरून गृहीतक मांडता येते. मुलांच्या नाटकाच्या पत्रकात “अस्वल म्हणजे वेलेस” असे छापता येत नाही. आंतरजालावर ‘बेर’ हे अस्वलाचे खरे गुप्त नाव होते, असेही आपल्याला वाचायला मिळेल. ‘बेर्लोगा’ म्हणजे गुहा या शब्दावरून काढलेली ती व्युत्पत्ती भाषाशास्त्रज्ञ मान्य करीत नाहीत. वसंतातील ‘कोमोयेदित्सा’ या अस्वलोत्सवाची मूळ नोंद बेलारूसमधील एका भागापुरती आहे. आणि खांती व मान्सी लोकांचा अत्यंत समृद्ध अस्वलविधी हा सायबेरियातील त्या लोकांचा स्वतःचा वारसा आहे. तो रशियन शेतकऱ्याच्या कथेच्या खाती जमा करणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल.

रशियाचे बळ म्हणजे अस्वल, ही प्रतिमा मुख्यतः बाहेरून आलेली आहे. रशियन राज्याचे चिन्ह दोन तोंडांचा गरुड होते. अस्वल रंगवले ते पश्चिम युरोपातील नकाशाकारांनी आणि व्यंगचित्रकारांनी. १८७८ सालच्या ‘पंच’ या ब्रिटिश विनोदी साप्ताहिकातील एका चित्रात अफगाणिस्तानचा अमीर शेर अली रशियन अस्वल आणि ब्रिटिश सिंह यांच्यामध्ये उभा आहे, हिंदुस्थानच्या सरहद्दीवरील राजकारणातूनच ती प्रतिमा आपल्याकडच्या इंग्रजी वाचकांच्या मनात रुजली. रशियाने ती आपली म्हणून उघडपणे मिरवली ती पुढे, १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकच्या ‘मिशा’ नावाच्या अस्वलरूपी शुभंकरामुळे. त्याचप्रमाणे तीन अस्वलांची गोष्ट लेव्ह तोल्स्तोय यांनी इंग्रजी कथेवरून रशियनमध्ये आणली, आणि मित्राच्या तोंडावरची माशी मारताना दगडाने मित्रालाच मारणारे अस्वल क्रिलोव्ह यांच्या बोधकथेत फ्रेंचमधून आले. तिचा फार दूरचा नातेवाईक म्हणजे आपल्या पंचतंत्रातील राजा आणि मूर्ख माकड. या दोन्ही रचना सुंदर आहेत, पण त्यांवरून रशियन लोककथेच्या अस्वलाचा अर्थ लावू नये.

रंगमंचाबद्दल विचारले आहे म्हणून चर्चच्या परंपरेतील दोन प्रसंग सांगतो. चौदाव्या शतकातील संत सेर्गी रादोनेझ्स्की यांच्या चरित्रात असे आहे की जंगलात एकटे राहत असताना त्यांच्याकडे एक अस्वल रोज येई. ते त्याच्यासाठी खुंटावर पावाचा तुकडा ठेवीत, आणि एकच तुकडा उरला असेल तर तो अस्वलाला देऊन स्वतः उपाशी राहत. सतराव्या शतकातील धर्मगुरू अव्वाकूम यांनी आत्मचरित्रात याच्या उलट प्रसंग लिहिला आहे. त्यांच्या गावात नाचणारी अस्वले घेऊन सोंगाडे आले, तेव्हा त्यांनी मुखवटे आणि डफ मोडले, दोन मोठी अस्वले काढून घेतली, एकाला इतके मारले की ते निपचित पडले आणि नंतर शुद्धीवर आले, दुसऱ्याला रानात सोडून दिले. झार अलेक्सेई यांनी १६४८ साली अशा खेळांवर बंदी घातली, तरी अस्वलवाले पुढेही दोन शतके गावोगाव फिरत राहिले. आपल्याकडील दरवेशी ज्यांनी पाहिला आहे त्यांना ती साखळी, ती काठी आणि ते दोन पायांवरचे नाचणे वेगळे सांगायला नको. माझी विनंती अशी की चारही कथांत एकच नट आणि एकच साधा केसाळ कोट वापरा, पण अस्वलाला कुठेही नाचवू नका. नाचणारे अस्वल जत्रेतले, साखळीतले होते. कथेतले अस्वल कोणाच्याही हुकमाखाली नाही. तो कोट मेंढीच्या कातड्यासारखा, उलटा घातलेला असेल तर फार चांगले. मुलांना कारण विचारू द्या आणि पुलाखाली लपलेल्या माणसाची दंतकथा सांगा.

शेवट बदलण्याविषयी माझा अनुभव सांगतो. पहिल्यांदा सात-आठ वर्षांच्या मुलांसमोर लाकडी पायाची कथा सांगताना मी घाबरलो आणि म्हातारा-म्हातारी क्षमा मागून पंजा परत देतात, असा शेवट केला. समोर बसलेल्या एका मुलीने लगेच विचारले, “पण तो तर शिजला ना? मग परत कसा लागेल?” तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण ती कथा माझ्यापेक्षा लक्षपूर्वक ऐकत होती. पुढच्या वेळेपासून मी खाण्याचा प्रसंग सांगत नाही आणि समेटही घडवत नाही. दिवा मंद करतो, लाकडी पट्टी जमिनीवर टेकवत तो करकरणारा पाय दारापर्यंत आणतो, गाण्याची शेवटची ओळ म्हणतो आणि तिथे थांबतो.